दिल्लीचा कारभार नेमका कुणाच्या हातात असतो?

प्रश्न असा आहे: दिल्लीला विधानसभा आहे, निवडून आलेला मुख्यमंत्री आहे, तरी पोलीस केंद्राचे आणि जमीनही केंद्राची, हे कसं? हे अलीकडच्या पक्षीय राजकारणातून झालं की आधीपासूनच असं आहे? आणि दिल्लीला पूर्ण राज्याचा दर्जा दिला तर हा गुंता सुटेल का?

माझी नोकरी दिल्लीत नगरनियोजनाच्या कामात गेली. जमिनीचे नकाशे, वसाहतींचे आराखडे आणि एकाच रस्त्यावर हक्क सांगणारी चार-पाच खाती हाच रोजचा व्यवहार होता. त्या अनुभवावरून सांगतो की हे भांडण आजच्या दोन पक्षांचं नाही. पक्ष बदलले, घटना बदलली, राज्यकर्तेही बदलले, पण दिल्लीत बसणाऱ्या सत्तेने शहराची जमीन आणि शहराची शिपाईगिरी स्थानिक माणसाच्या हाती कधी सोडली नाही. बाकी सगळं त्यातून निघतं.

इथला जुना शिरस्ता असा, की नव्या राजवटीने आधीच्या शहरात राहायला न जाता शेजारी आपलं नवं शहर वसवायचं. तोमरांचा लाल कोट, अलाउद्दीन खिलजीची सिरी, गियासुद्दीनचा तुघलकाबाद, फिरोजशाहचा फिरोजाबाद, हुमायूनचं दीनपनाह, आणि १६३९ मध्ये पायाभरणी झालेलं शाहजहानाबाद. मुहम्मद तुघलकाने तर १३२७ च्या सुमारास राजधानीच उचलून आपल्या देवगिरीला आणली आणि तिचं दौलताबाद केलं. तो प्रयोग टिकला नाही, पण राजधानी म्हणजे राजाच्या मर्जीने बसवायची आणि उठवायची वस्तू, ही समजूत त्यातून स्पष्ट दिसते. शाहजहानाबादेत शहराचा बंदोबस्त कोतवालाकडे असे. त्याची कोतवाली ऐन चांदणी चौकात होती आणि तो बादशाहाला जबाबदार होता, शहरातल्या रहिवाशांना नव्हे. आज दिल्लीचा पोलीस आयुक्त केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. कायदा वेगळा, काळ वेगळा, पण घडी तीच.

एका शहरात दोन सत्ता नांदण्याचा प्रकारही नवा नाही, आणि त्यात आपल्या लोकांचा मोठा वाटा आहे. १७३७ मध्ये थोरले बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत जाऊन तालकटोऱ्याला उतरले होते. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा सैन्याच्या खर्चासाठी लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत काढून वितळवावं लागलं. पानिपताचा घाव भरल्यावर महादजी शिंद्यांनी १७७२ च्या जानेवारीत शाह आलमला परत आणून तख्तावर बसवलं. १७८४ मध्ये पेशव्यांना बादशाहीचं वकील-ए-मुतलक, म्हणजे सर्वाधिकारी प्रतिनिधीचं, पद मिळालं आणि महादजी त्यांचे नायब झाले. म्हणजे फर्मान बादशाहाच्या नावाने निघे, पण फौज आणि वसुली शिंद्यांकडे असे. गुलाम कादिरने १७८८ मध्ये शाह आलमचे डोळे काढले, तेव्हा शहर सोडवून गुलाम कादिरला शासन करणारेही महादजींचेच लोक होते. ही व्यवस्था ११ सप्टेंबर १८०३ ला संपली. त्या दिवशी यमुनेच्या पूर्वेला पटपडगंजच्या लढाईत लॉर्ड लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या लढाईचं स्मारक आज नोएडाच्या गोल्फ मैदानात उभं आहे. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसांनाही ते फारसं ठाऊक नसतं, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

मग ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, आला. बादशाह लाल किल्ल्यात पेन्शनवर आणि शहराचा कारभार रेसिडेंटकडे. दुसऱ्या अकबरशाहाचा मुलगा मिर्झा जहांगीर याने रेसिडेंट सेटनवर गोळी झाडली, म्हणून त्याची रवानगी अलाहाबादला झाली. बापाला आपल्या मुलाची शिक्षासुद्धा थांबवता आली नाही. मुलगा सुखरूप परतला तर मेहरौलीला ख्वाजा बख्तियार काकींच्या दर्ग्यावर चादर चढवीन, असा नवस त्याच्या आईने केला. तो फेडताना दर्ग्याला आणि जवळच्या योगमायेच्या देवळालाही फुलांची भेट गेली. दिल्लीचा 'फूलवालों की सैर' हा उत्सव त्यातून सुरू झाला. फुलांनी मढवलेला मोठा पंखा देवळात आणि फुलांची चादर दर्ग्यात, दोन्ही ठिकाणी हिंदू-मुसलमान मिळून जातात. १९४२ मध्ये इंग्रजांनी तो बंद पाडला आणि स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, पंडित नेहरूंच्या आग्रहाने तो पुन्हा सुरू झाला. दिल्लीची संस्कृती दिल्लीच्या सत्तेपासून वेगळी काढून पाहता येत नाही, असं मी म्हणतो ते अशा गोष्टींमुळे.

१८५७ नंतर दिल्लीचं राजधानीपण गेलं आणि ती पंजाब प्रांतातलं एक जिल्ह्याचं ठाणं झाली. तुमच्या प्रश्नाचं थेट मूळ १९११ मध्ये आहे. कलकत्त्यात भारत सरकार आणि बंगालचं प्रांतिक सरकार एकाच शहरात होती. बंगालच्या राजकारणाची झळ व्हाइसरॉयला रोज बसे. २५ ऑगस्ट १९११ च्या खलित्यात लॉर्ड हार्डिंजने लिहिलं की सर्वोच्च सरकार कोणत्याही एका प्रांतिक सरकारच्या सावलीत असू नये. १२ डिसेंबरला दिल्ली दरबारात पाचव्या जॉर्जने राजधानी हलवण्याची घोषणा केली, आणि १ ऑक्टोबर १९१२ ला दिल्ली पंजाबातून काढून चीफ कमिशनरचा, म्हणजे थेट भारत सरकारच्या ताब्यातला, वेगळा प्रांत केला गेला. १९१५ मध्ये यमुनेपलीकडची ६५ गावं त्याला जोडली. हार्डिंजचा तो मुद्दा आजही जसाच्या तसा वापरला जातो, फक्त व्हाइसरॉयच्या जागी केंद्र सरकार म्हणतात.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट झाली. तिच्याकडे इतिहासकारांचं लक्ष कमी जातं, पण आम्हा नियोजनवाल्यांना तिच्याशी रोज सामना करावा लागतो. रायसीना, मालचा अशा गावांची जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली सरकारने घेतली. नवी दिल्ली त्या सरकारी जमिनीवर उभी राहिली आणि लोकांना भूखंड मिळाले ते भाडेपट्ट्याने. ते पट्टे सांभाळणारं 'एल अँड डीओ', म्हणजे केंद्राचं भूमी व विकास कार्यालय, अजून आहे. नवी दिल्लीत बंगल्याचा मालकी हक्क तपासायला गेलात तर पहिला शोध त्याच्या दप्तरात घ्यावा लागतो.

इमारतींबद्दल खूप लिहिलं गेलंय, म्हणून एवढंच सांगतो. इंडिया गेटकडून राष्ट्रपती भवनाकडे चालत निघा. लांबून घुमट दिसतो. विजय चौकात चढाच्या पायथ्याशी पोचलात की भवन जवळजवळ नाहीसं होतं आणि नॉर्थ व साउथ ब्लॉकच नजरेत भरतात. हर्बर्ट बेकरने सचिवालयं टेकडीवर आणली, एडविन ल्युटेन्सचं भवन मागे सरकलं, आणि चढाच्या उतारावरून दोघांचं कायमचं बिनसलं. १३ फेब्रुवारी १९३१ ला लॉर्ड आयर्विनने या शहराचं उद्घाटन केलं. सोळा वर्षांनी इंग्रज गेले.

स्वातंत्र्य आलं तेव्हा दिल्लीला प्रतिनिधी सरकार द्यावं, असं पट्टाभी सीतारामय्या समितीने १९४७ मध्ये सुचवलं होतं. घटना समितीत देशबंधू गुप्तांनी दिल्लीची बाजू लावून धरली. अखेर १९५२ मध्ये ४८ जागांची विधानसभा मिळाली आणि चौधरी ब्रह्मप्रकाश वयाच्या ३४ व्या वर्षी मुख्यमंत्री झाले. पण दिल्ली 'क' वर्गातलं, म्हणजे केंद्राच्या देखरेखीखालचं, राज्य होतं, आणि १९५१ च्या कायद्याने सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस, महापालिकेचे अधिकार आणि जमीन-इमारती हे विषय तेव्हाच विधानसभेच्या हाताबाहेर ठेवले होते. केंद्रात आणि दिल्लीत एकाच पक्षाची सत्ता असूनही मुख्यमंत्री आणि चीफ कमिशनर यांचं जमलं नाही. ब्रह्मप्रकाश १९५५ मध्ये पायउतार झाले. पक्ष एकच असला की भांडण मिटतं, असं समजणाऱ्यांनी ही तीन वर्षं जरूर वाचावीत.

पुढे राज्य पुनर्रचना आयोगाने दिल्लीला राज्याऐवजी महापालिका पुरे असं मत दिलं. १ नोव्हेंबर १९५६ पासून विधानसभा गेली, १९५८ मध्ये महापालिका आली आणि अरुणा असफअली पहिल्या महापौर झाल्या. १९६६ च्या कायद्याने एक महानगर परिषद मिळाली, पण तिला कायदे करण्याचा अधिकार नव्हता, ती फक्त शिफारस करू शके. १९८९ मध्ये बाळकृष्णन समितीचा अहवाल आला आणि १९९१ च्या ६९ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २३९-अअ आलं. त्यातून ७० जागांची विधानसभा आणि मुख्यमंत्र्यासह जास्तीत जास्त सात मंत्री मिळाले. राज्य सूचीतल्या, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीतल्या विषयांच्या यादीतल्या, सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि जमीन या तीन नोंदी मात्र वगळल्या. १९५१ ची यादी आणि १९९१ ची यादी शेजारी ठेवून पाहा, फरक फार थोडा आहे.

अधिकाऱ्यांच्या बदल्या-नेमणुका कुणी करायच्या, हे मात्र तेव्हा मोघम राहिलं, आणि पुढची कोर्टबाजी त्यावरून झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ जुलै २०१८ ला सांगितलं की वगळलेले विषय सोडून केंद्राच्या बाजूने नेमलेल्या नायब राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचं. फेब्रुवारी २०१९ मध्ये सेवांच्या, म्हणजे या बदल्या-नेमणुकांच्या, मुद्द्यावर दोन न्यायमूर्तींचं मत फुटलं. २०२१ च्या दुरुस्तीने विधानसभेच्या कायद्यांत 'सरकार' म्हणजे नायब राज्यपाल, अशी व्याख्या घातली. ११ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींनी सेवा निवडून आलेल्या सरकारकडे दिल्या आणि आठवडाभरात, १९ मे रोजी, केंद्राने अध्यादेश काढला. त्याचा पुढे कायदा झाला. आता बदल्यांची शिफारस करणाऱ्या प्राधिकरणात मुख्यमंत्री, मुख्य सचिव आणि प्रधान गृहसचिव असे तिघं बसतात आणि निर्णय बहुमताने होतो. म्हणजे दोन अधिकारी मिळून मुख्यमंत्र्याला बाजूला सारू शकतात, आणि मतभेद झाला तर शेवटचा शब्द नायब राज्यपालांचा. माझ्या मते लोकशाही जबाबदारीच्या दृष्टीने ही रचना चुकीची आहे, मग मुख्यमंत्री कोणत्याही पक्षाचा असो. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीनंतर केंद्रात आणि दिल्लीत पुन्हा एकाच पक्षाचं सरकार आलं, त्यामुळे कुरबुर कमी ऐकू येते. कायदा आहे तसाच आहे.

हे झालं वरचं. सामान्य माणसाला त्रास होतो तो खालच्या पातळीवर. दिल्लीचं क्षेत्रफळ सुमारे १,४८३ चौरस किलोमीटर. त्यातला सुमारे ४३ चौरस किलोमीटरचा मधला भाग नवी दिल्ली नगरपालिका परिषदेकडे, छावणीचा भाग कटक मंडळाकडे, उरलेला सगळा महापालिकेकडे. महापालिकेची २०१२ मध्ये तीन शकलं केली आणि २०२२ मध्ये पुन्हा एक केली. साठ फूट किंवा जास्त रुंदीचे रस्ते दिल्ली सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, त्याहून अरुंद महापालिकेकडे. पाणी आणि सांडपाणी जल बोर्डाकडे. कॅनॉट प्लेसजवळचा मिंटो पूल घ्या. पावसाळ्यात त्याच्याखाली पाणी तुंबल्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. वरून रेल्वे जाते, खालच्या रस्त्याची आणि पंपांची जबाबदारी बांधकाम खात्याची, आणि पाणी जिथून येतं व जिथे जातं ते नाले इतरांच्या हद्दीत. बैठकीला सगळे येतात, प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर असतं, आणि पाणी तिथेच असतं.

जमिनीचा विषय सर्वांत खोल आहे. १९५७ च्या कायद्याने दिल्ली विकास प्राधिकरण, म्हणजे डीडीए, स्थापन झालं. ते केंद्राचं, आणि नायब राज्यपाल त्याचे अध्यक्ष. पुढची काही दशकं शहराची जवळजवळ सगळी विकासयोग्य जमीन संपादून आपणच विकसित करायची, असं धोरण राबवलं गेलं. १९६२ ची पहिली बृहत् योजना, म्हणजे मास्टर प्लॅन, त्याच विचाराची. हेतू चांगला होता, सट्टेबाजी थांबावी असा. पण लोक येण्याचा वेग कुणाच्या हातात नव्हता. १९४१ मध्ये दिल्लीची लोकसंख्या सव्वानऊ लाखांच्या आत होती, फाळणीनंतर १९५१ मध्ये साडेसतरा लाखांच्या जवळ गेली आणि २०११ मध्ये १ कोटी ६८ लाख झाली. घरं मागणाऱ्यांना डीडीएकडून वेळेत घरं मिळाली नाहीत, म्हणून त्यांनी शेतात प्लॉट घेतले.

अशा अनधिकृत वसाहतीतल्या घराची फाइल मी उघडे तेव्हा आत खरेदीखत क्वचितच असे. आत सापडे ते जनरल पॉवर ऑफ अॅटर्नी, विक्रीचा करार, पैसे मिळाल्याची पावती आणि एक मृत्युपत्र. चारही कागद एकाच दिवशी, एकाच टायपिस्टकडून केलेले. खरेदीखत नोंदवता येत नाही, म्हणून विकणारा घेणाऱ्याच्या नावे मृत्युपत्र करून ठेवतो. अशा कागदांनी मालकी जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं. २०१९ मध्ये केंद्राने १,७३१ वसाहतींतल्या रहिवाशांना हक्क देण्याची योजना आणली. त्या घरांमध्ये रिक्षावाले आहेत तसे शिक्षक आणि सरकारी कारकूनही आहेत.

'लाल डोरा' हा असाच दुसरा प्रकार. १९०८ च्या जमीनमोजणीत गावठाणाची हद्द नकाशावर लाल रेघेने दाखवली. आतल्या घरांना पुढे बांधकाम नियमांतून सूट मिळाली. शहर गावांभोवती वाढलं आणि गावठाणं मध्ये तशीच राहिली. हौज खास, शाहपूर जाट, मुनिरका इथे आज म्हशींच्या गोठ्याच्या जागी पाच मजले चढलेत. गल्ली इतकी अरुंद की अग्निशमनाची गाडी आत जात नाही. खाली डिझायनरचं दुकान, वर भाड्याच्या खोल्या, तळाला मूळ जाट किंवा गुज्जर कुटुंबाचं अंगण, आणि संध्याकाळी चौपालीवर हुक्का. दिल्ली समजून घ्यायची असेल तर लाल किल्ल्याआधी अशा एखाद्या गावात जा, असं मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

मग 'दिल्लीची संस्कृती' म्हणजे काय? जुन्या शहराची उर्दू, बल्लीमारानमधली गालिबची हवेली, निजामुद्दीनला गुरुवारी रात्रीची कव्वाली आणि वसंतपंचमीला पिवळी फुलं घेऊन येणारे कव्वाल, हे तर आहेच. पण आजच्या दिल्लीचा मोठा भाग फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या पंजाबी आणि सिंधी माणसांनी उभा केला. राजेंद्र नगर, पटेल नगर, लाजपत नगर या त्यांच्या निर्वासित वसाहती. चित्तरंजन पार्क पूर्व बंगालच्या विस्थापितांचं. अलीकडे यमुनेच्या काठी छठपूजेला लोटणारा बिहार आणि पूर्वांचलचा समाज निवडणुकीचे निकाल ठरवतो. मराठी माणूस संख्येने थोडा, तरी १९५४ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन दिल्लीत झालं होतं, आणि २०२५ चं ९८ वं संमेलन तारा भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली तालकटोऱ्याला झालं. बाजीरावांचा तळ पडला होता तेच हे तालकटोरा.

आता पूर्ण राज्याचा प्रश्न. २००३ मध्ये गृहमंत्री लालकृष्ण अडवाणींनी दिल्लीला राज्याचा दर्जा देणारं विधेयक लोकसभेत मांडलं होतं, पण लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळलं. त्यानंतर विरोधात असलेला प्रत्येक पक्ष ही मागणी करतो आणि केंद्रात सत्ता आली की गप्प बसतो. मला पूर्ण राज्य व्यवहार्य वाटत नाही. संसद, वकिलाती, राष्ट्रपती भवन यांच्या सुरक्षेची जबाबदारी केंद्राला टाळता येणार नाही, आणि दिल्ली पोलिसांचा मोठा खर्च केंद्रच उचलतं. पण सगळी १,४८३ चौरस किलोमीटर जमीन त्यासाठी अडवून ठेवण्याचं कारण नाही. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय महत्त्वाच्या भागाचं नियोजन केंद्रीय प्राधिकरण करतं आणि बाकी शहर १९८९ पासून निवडून आलेली विधानसभा चालवते. तोडगा त्या दिशेने आहे. नवी दिल्ली नगरपालिका परिषदेचा भाग आणि छावणी केंद्राकडे राहू द्यावी. उरलेल्या शहरासाठी डीडीए मुख्यमंत्र्याच्या अध्यक्षतेखाली द्यावं. १९५७ चा कायदा संसदेचा आहे आणि अध्यक्ष कोण असावा हे बदलायला घटनादुरुस्तीही लागत नाही, साधं बहुमत पुरतं.

दोन सरकारांनी एकत्र काम करणं दिल्लीला अशक्य नाही, याचा पुरावा मेट्रो आहे. दिल्ली मेट्रो कंपनीत केंद्र आणि दिल्ली सरकारचं भांडवल निम्मं-निम्मं आहे. २४ डिसेंबर २००२ ला शाहदरा ते तीस हजारी हा पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हा केंद्रात भाजपचं आणि दिल्लीत काँग्रेसचं सरकार होतं. पैसा दोघांचा, पण निर्णय एका संचालक मंडळाचे आणि कामाला एकच जबाबदार माणूस, ई. श्रीधरन. नाल्यांसाठी आणि यमुनेसाठी अशी एक कंपनी काढा, असं मी नोकरीत असताना टिपणात लिहीत असे, आणि आजही तेच सुचवीन. वजिराबाद ते ओखला हा दिल्लीतला यमुनेचा पट्टा २२ किलोमीटरचा, नदीच्या एकूण लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी, आणि तो साफ करण्याचं काम आज केंद्र, दिल्ली सरकार, जल बोर्ड, महापालिका, डीडीए आणि वरच्या बाजूला हरियाणा यांच्यात वाटलेलं आहे.